गुडघ्याची 'वाटी' झिजली म्हणतात, म्हणजे नक्की झिजतं काय?

येळ्ळूरकर
मंडळी, प्रश्न आईचा आहे. वय ६६, आयुष्य भातशेतीत गेलं. राजहंसगडावर न थांबता चढून जाणारी बाई आता घरच्या तीन पायऱ्या उतरताना भिंत धरते. उजवा गुडघा. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसणं तर विसराच. सगळ्यात जास्त खंत कसली, तर खाली बसून तांदूळ पाखडता येत नाहीत.

बेळगावात दाखवलं. दारावर 'एलुबु मत्तु कीलु' अशी कन्नड पाटी, म्हणजे हाडं आणि सांधे. आत दीड मिनिटात निकाल: "वाटी झिजलीय, पुढेमागे बदलावी लागेल." घरी आलो तर शेजारचे अण्णा म्हणतात ग्रीस संपलं. मावसभाऊ म्हणतो गादी गेली.

वाटी, ग्रीस आणि गादी ही एकाच गोष्टीची तीन नावं की तीन वेगळ्या गोष्टी? ऑपरेशन करावं का हे इथे विचारत नाही, ते डॉक्टर बघतील. पण आत काय असतं आणि ते हलतं कसं हे कळलं तर पुढच्या वेळी दीड मिनिटात निदान नीट प्रश्न तरी विचारता येतील.

पावशेर
वाटी झिजली असेल तर आधी कल्हई करून बघा.

कडोलीकर
पावशेर, तुमची आई नाही म्हणून विनोद सुचतात.

पावशेर
माझ्या आईच्या दोन्ही वाट्या बदलल्यात हो. तिनेच केलेला विनोद आहे हा.

अनगोळ_फिजिओ
येळ्ळूरकर, तिन्ही गोष्टी वेगळ्या.

वाटी म्हणजे गुडघ्यासमोरचं ते गोलसर हाड. पाय लांब करून सैल सोडा आणि दोन बोटांनी धरून बघा, इकडेतिकडे सरकतं. मांडीच्या पुढच्या स्नायूची जी जाड दोरी नडगीपर्यंत उतरते तिच्यातच ते बसलेलं असतं. काम विहिरीवरच्या कप्पीचं. दोरी हाडापासून जरा पुढे धरली जाते, म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो. जन्मलेल्या बाळाला ही वाटी हाडाची नसतेच, नुसती कूर्चा असते, हाडापेक्षा मऊ आणि लवचिक. तीन वर्षांच्या आसपास तिच्यात हाड धरायला लागतं.

गादी म्हणताना लोक दोन गोष्टी एकत्र करतात. एक कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा पांढरा गुळगुळीत थर. दुसरी, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये आत-बाहेर बसवलेल्या चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या.

ग्रीस म्हणजे सांध्यातला द्रव. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत, आणि निरोगी गुडघ्यात चहाचा चमचाही भरणार नाही इतकाच.

काकूंचं झिजलं असेल ते बहुतेक मांडीच्या हाडाच्या आणि नडगीच्या टोकांवरच्या कूर्चेचं आवरण. 'वाटी बदलली' हे आपल्याकडचं बोलणं. ऑपरेशनमध्ये मुख्यतः झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूची टोपणं बसवतात आणि मध्ये खास प्लास्टिकची चकती घालतात. वाटी बऱ्याचदा स्वतःचीच राहते, फार तर तिच्या मागच्या बाजूला अस्तर लावतात.

पावशेर
म्हणजे आईने तीन वर्षं सगळ्या पै-पाहुण्यांना चुकीचं सांगितलं. मी काही तिला सांगायला जाणार नाही.

वडगाव_सुतार
फिजिओ सर, एक शंका. शाळेत गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा असं शिकलो होतो. पंचवीस वर्षं दारं लावतोय. बिजागरीत मध्ये पिन असते, तिच्याभोवती दोन्ही पानं फिरतात. गुडघ्यात पिन कुठाय?

अनगोळ_फिजिओ
सुतारमामा, नेमकं धरलंत. पिन नाहीच. कोपर बऱ्यापैकी तुमच्या बिजागरीसारखं आहे, गुडघा नाही. मांडीच्या हाडाचं टोक चाकासारखं गोल आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट. गुडघा वाकताना ते चाक नडगीवर गडगडतं. नुसतं गडगडलं असतं तर मागच्या काठावरून खालीच पडलं असतं, म्हणून ते गडगडता गडगडता सरकतंही. चिखलात रुतलेल्या बैलगाडीचं चाक कसं, फिरतंही आणि घसरतंही, तसं. म्हणजे फिरण्याचा मध्य एका जागी थांबत नाही. त्याला जागेवर ठेवतात आतले एकमेकांना छेदणारे दोन बंध आणि बाजूचे दोन.

वडगाव_सुतार
असं दार मी लावलं तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही.

अनगोळ_फिजिओ
या दाराला कडीही आहे. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत मांडीचं हाड नडगीवर किंचित आत वळतं आणि सांधा घट्ट बसतो. म्हणून रांगेत ताठ उभं राहिलं की मांडीचे स्नायू फारसे थकत नाहीत. परत वाकवायचा झाला की गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू आधी ही कडी काढतो.

वडगाव_सुतार
आता पैसे देतो.

लालमाती
तुमचं गुडघा चाललंय, मी खांद्याचं सांगतो. तरुणपणी आनंदवाडीच्या आखाड्यात लढलोय. एका कुस्तीत समोरच्यानं हात मागं नेऊन पिळला आणि खांदा निखळला. दंडाचं डोकं पुढं येऊन बसलेलं डोळ्यांनी दिसत होतं. वस्तादांनी कुणालाच हात लावू दिला नाही, तसंच उचलून दवाखान्यात नेलं. तेव्हा राग आलेला, कारण गावात एक म्हातारा ओढून बसवायचा. नंतर डॉक्टर म्हणाले, आधी एक्स-रे. बाजूचं हाड मोडलेलं असलं आणि ओढलं, तर नस जायची.

पण त्यानंतर तो दोनदा निसटला. एकदा तर झोपेत. खांदाच का असा? खुबा कधी निखळलेला ऐकला नाही.

अनगोळ_फिजिओ
पैलवान, लिंबू-चमचा खेळलायत ना? खांदा म्हणजे लिंबू-चमचा. दंडाचं डोकं मोठं, खोबण उथळ. तिच्या काठावर कूर्चेची कड असते, तिनं थोडी खोली येते, पण खरं धरून ठेवतात ते भोवतीचे चार स्नायू. शरीरात इतका चौफेर फिरणारा दुसरा सांधा नाही, त्याची ही किंमत. त्यातून पहिल्यांदा निखळताना ती कड फाटते आणि तरुण वयात झालं असेल तर पुन्हा निसटायची शक्यता खूप. खुब्यात मांडीच्या हाडाचं डोकं खोल खळग्यात बसतं. तोही निखळतो, पण त्याला बहुधा गाडीचा अपघात लागतो.

बीएएमएस_दुसरं_वर्ष
इथे भर घालू का? खुब्याला शाळेत 'उखळीचा सांधा' म्हणतात ना, तो शब्द फार जुना. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार आहेत, त्यातला एक 'उलूखल', म्हणजे उखळ. त्यात काख, जांघ आणि दात. होय, दात! जबड्याच्या हाडात बसलेल्या दाताला आजचं शरीरशास्त्रही सांधाच मानतं, फक्त न हलणारा. कवटीच्या शिवणींना सुश्रुत 'तुन्नसेवनी' म्हणतो, म्हणजे टाका घातल्यासारखं. जबडा 'वायसतुंड', कावळ्याची चोच. गुडघा, कोपर, घोटा 'कोर'.

एकूण सांधे २१० मोजलेत. हाडं मात्र ३००, आज मोठ्या माणसाची २०६ मोजतात. सुश्रुत दात आणि कूर्चाही हाडात धरतो, हे त्यामागचं एक कारण.

आणि ग्रीसवाल्या अण्णांना सांगा, त्यांची उपमाही जुनीच: गाडीच्या आसाला वंगण असलं की चाक जसं नीट फिरतं तसे कफामुळे सांधे चालतात, असं त्यात म्हटलंय.

वडगाव_सुतार
दात हा सांधा असेल तर मी काल एक सांधा काढून आलो. पाचशे रुपये.

पावशेर
दोन हाडांच्या मधल्या जागेला सांधा म्हणायचं, दोन राज्यांच्या मधल्या जागेला सीमाभाग. दुखणं दोन्हीकडे मधल्यालाच. आमचा सांधा १९५६ पासून आखडलाय.

संपादक
पावशेर, त्यासाठी वेगळा धागा आहे. सध्या ४१२ प्रतिसादांवर आहे.

निपाणीची_लेक
माझी आई विड्या वळायची. हजारावर मजुरी. मांडीवर सूप, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा. तीस वर्षं. आता तिला भाकरीचं पीठ मळता येत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, गाठ आल्यासारखी दिसते. सगळे म्हणतात वात आहे. गुडघ्याच्या धाग्यात अंगठा घुसवतेय, माफ करा.

अनगोळ_फिजिओ
ताई, माफी कसली. दाखवलं नसेल तर दाखवून घ्या, कारण अंगठ्याच्या बुडाशी दुखायची कारणं दोन-तीन असतात, स्नायूची दोरी सुजली तरी तिथेच दुखतं.

तो सांधा खोगिरासारखा असतो. घोड्याच्या पाठीवर खोगीर आणि त्यावर स्वार: पुढेमागे होता येतं, डावी-उजवीकडे झुकता येतं. म्हणून अंगठा चारही बोटांच्या टोकांना भेटतो. पण चिमटीचा सगळा भार तिथे एकवटतो. टोकाशी एक किलोच्या जोरानं चिमूट धरली तर बुडाच्या सांध्यावर दहा-बारा किलोचा दाब येतो. आता हजार विड्यांचा हिशोब तुम्हीच करा.

निपाणीची_लेक
हिशोब नको वाटतो. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग मजुरी बुडाच्या किलोवर द्यायला हवी होती."

खानापूर_लोकल
माझा साधा प्रश्न. बोटं मोडली की कडकड आवाज येतो तो कशाचा? आजी ओरडायची, म्हातारपणी हात वाकडे होतील. आणि हीच आजी पोराची दृष्ट काढताना स्वतः कानशिलावर दहाही बोटं मोडायची.

बीएएमएस_दुसरं_वर्ष
हाडं घासल्याचा आवाज नाही तो. सांधा ताणला की आतल्या द्रवाचा दाब घटतो आणि विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडात एमआरआय यंत्रात बोट ओढून हे चित्रित केलं. मात्र आवाज पोकळी होताना येतो की ती फुटताना, यावर अजून वाद आहे. एकदा वाजलं की तेच बोट साधारण वीस मिनिटं वाजत नाही, वायू परत विरघळायला तेवढा वेळ लागतो.

अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. शेवटी दोन्ही हात सारखेच, संधिवात कुठेच नाही. त्यासाठी त्यांना २००९ चं इग नोबेल मिळालं, ते गमतीचं बक्षीस असतं.

खानापूर_लोकल
एका माणसाचा प्रयोग. पण साठ वर्षं! त्यांच्या आजीनं किती बोटं मोडली असतील त्यांच्या नावानं.

शहापूरची_सून
धागा वाचून आमच्या घरातला किस्सा आठवला. काकूंना (माझ्या सासूबाईंच्या जाऊ) दवाखान्यात नेलं. त्यांनी सांगितलं, "मांडी दुखते." सिस्टर नवीन, कन्नड बोलणाऱ्या. कन्नडमध्ये 'मंडी' म्हणजे गुडघा. त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे लिहून दिला. एक्स-रे स्वच्छ! काकू म्हणतात, "अहो गुडघा नव्हे, मांडी, मांडी!" सिस्टर म्हणतात, "अदे मंडी, अम्मा, मंडी!" बाकड्यावरचे सगळे हसून बेजार.

शेवटी डॉक्टर आले, काकूंना आडवं केलं, पाय गुडघ्यात दुमडून आत-बाहेर फिरवला. काकू कळवळल्या. निघालं काय, तर दुखणं मांडीचंही नाही आणि मंडीचंही नाही. खुब्याचं!

अनगोळ_फिजिओ
या किश्श्यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. खुबा आणि गुडघा यांच्या नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुबा झिजला तरी कित्येकांना दुखतं ते जांघेत, मांडीच्या पुढे, कधी फक्त गुडघ्यात. येळ्ळूरकर, काकूंचा खुबा तपासलाय का?

कडोलीकर
हे सगळं ठीक, पण कारण कुणीच बोललं नाही. आमचे आजोबा ऐंशीपर्यंत बांधावर उकिडवे बसून विळ्यानं गवत कापायचे. हल्ली सगळ्यांना खुर्ची, डायनिंग टेबल, कमोड. न वाकवल्यानंच गुडघे गेले. गंजलेली बिजागरी, दुसरं काय.

लालमाती
काय सांगूलालाय ओ! हजार-हजार बैठका मारून माझ्या जोडीचे निम्मे पैलवान आज काठी घेऊन चालूलाल्यात. वाकवून वाकवूनच गेले.

कडोलीकर
बैठका वेगळ्या, बसणं वेगळं.

अनगोळ_फिजिओ
दोघांनाही थोडे थोडे गुण देतो. बीजिंगमधल्या वयस्क लोकांची अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांशी तुलना झाली होती. बीजिंगच्या बायकांत गुडघ्याची झीज जास्त निघाली आणि खुब्याची मात्र फारच कमी. तरुणपणी रोज तासन् तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसली. म्हणजे पैलवान गुडघ्याचे बरोबर, आणि कडोलीकर कदाचित खुब्याचे. शिवाय वजन, जुनी दुखापत, घराण्यातून आलेली ठेवण हे वेगळंच.

पण 'न वाकवल्यानं' यातही तथ्य आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. ती जेवते सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही भार पडून सुटला की, भांडी घासायचा स्पंज दाबून सोडावा तसं. एका जागी बसून राहणाऱ्याची कूर्चा उपाशी राहते. आणि कूर्चेत नसाही नसतात. झिजतं ते दुखतच नाही! दुखतं ते खालचं हाड, भोवतीचं आवरण, ताणलेले बंध. म्हणून एक्स-रे वाईट आणि माणूस धडधाकट, किंवा उलट, असं रोज बघतो.

पावशेर
एक राहिलं. ग्रीस संपलं म्हणून ओरडायचं आणि त्याच गुडघ्यातून सुईनं पाणी काढायचं. संपलंय की जास्त झालंय?

अनगोळ_फिजिओ
पावशेर, हा तुमचा पहिला प्रश्न ज्याला उत्तर द्यावंसं वाटलं. जास्त होतं, पण पातळ होतं. आतलं अस्तर चिडलं की द्रव भरपूर सोडतं, पण त्यातला बुळबुळीतपणा घटतो. वरणात पाणी वाढवल्यासारखं.

टिळकवाडी_आजोबा
ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांच्यासाठी लिहितो. गेल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत गर्दीत नातीचा हात धरून तिला झटक्यात वर उचललं. अडीच वर्षांची. तेव्हापासून हात लोंबता, हलवेना, नुसती रडायची. माझा जीव अर्धा झाला. डॉक्टरांनी तळहात वर करून कोपर दुमडलं, 'टक्' झालं आणि दहा मिनिटांत पोर कुल्फी खात होती. या वयात कोपरातलं बाहेरचं हाड एका अंगठीसारख्या बंधात बसलेलं असतं, हात ओढला की तो बंध सांध्यात अडकतो. उचलायचं ते काखेत हात घालून. घरी बसवायला जाऊ नका, मोड असू शकते.

बीएएमएस_दुसरं_वर्ष
आजोबा, तेच हाड चावी फिरवतानाही काम करतं. हाताची दोन हाडं तळवा वर असताना शेजारी शेजारी, तळवा खाली केला की एक दुसऱ्यावरून ओलांडून जातं. स्क्रू पिळताना सुतारमामांनी दुसऱ्या हातानं चाचपून बघावं.

वडगाव_सुतार
बघितलं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय.

खानापूर_लोकल
एक कोडं टाकतो आणि जातो. कुठलं हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्यानं जोडलेलं नाही?

शहापूरची_सून
जिभेच्या बुडाशी गळ्यात असतं ते. स्नायू आणि बंधांवर टांगलेलं. म्हणूनच जिभेला हाड नाही असं म्हणत असतील, असूनही कुणाशी जोडलेलं नाही.

येळ्ळूरकर
मंडळी, आठ दिवसांनी येतोय. दुसऱ्यांदा दाखवून आलो, यावेळी प्रश्न लिहून नेले होते. खुबा तपासला, तो ठीक आहे. उभं राहून काढलेला एक्स-रे दाखवून डॉक्टरांनी समजावलं की कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही, दोन हाडांत जी काळी फट दिसते ती तिची जागा. आईची आतल्या बाजूची फट बरीच कमी झालीय, बाहेरची चांगली आहे. म्हणून पाय थोडे कमानीसारखे दिसायला लागलेत. ऑपरेशन आत्ता नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिलाय: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं. आई त्याला 'टॉवेलाला जमिनीत गाडायचं' म्हणते. चालणं चालू ठेवायचं. जिना कमी, कारण चालताना गुडघ्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो आणि जिन्यावर तीनाच्याही वर.

मी विचारलं, "आणि वाटी?" डॉक्टर हसले, म्हणाले वाटी चांगली आहे.

फक्त तांदळाचं दुःख आहेच. खुर्चीवर बसून पाखडता येत नाही म्हणते, हातांना जागा मिळत नाही.

अनगोळ_फिजिओ
बसायला हात नसलेलं उंच स्टूल हवं. बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा जरा खालीच राहिला की उठताना कमी जोर लागतो. प्लास्टिकची खुर्ची खोलगट असते, तीच अडचण.

वडगाव_सुतार
येळ्ळूरकर, आईंना भिंतीला टेकून उभं करा आणि गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत माप घ्या. चप्पल काढून.

येळ्ळूरकर
साडेपंधरा इंच.

वडगाव_सुतार
मग साडेसतरा करतो. बसायचं पान रुंद ठेवतो, सूप दोन्हीकडे हललं पाहिजे. पुढची कड गोल मारतो, मांडीला टोचायला नको.

शहापूरची_सून
मांडीला की मंडीला?

वडगाव_सुतार
दोन्हीला. शनिवारी बाजाराला याल तेव्हा घेऊन जा. पैशांचं नंतर बघू, आधी बसून बघू देत. डगडगला तर परत आणा.

पावशेर
आमच्या आईसाठी एक. तिला वाट्या नव्या आहेत, पण स्टूल जुनं आहे.